परातीतलं पाणी

लातूर, बुधवार, १२ जानेवारी १९८३

चि. सौ. शिवगंगा,

तुला आणि महानंदेला आशीर्वाद. तुझ्या आईवडिलांना माझा शरणार्थ सांग.

पत्र माझ्याच हातचं हाय. अक्षर बघून हसू नको. लहानपणी मठात अय्यास्वामींनी धूळपाटीवर बोट धरून गिरवून घेतलं, तेवढंच माझं शिक्षण. भीमाला लिही म्हणले असते, पण तो सध्या तुझं नाव निघालं की टोपी घालतो आणि दुकानाला निघतो. बायकोचं नाव घेतल्यावर नवरा टोपी घालतो, हे मी पहिल्यांदाच बघतेय.

बातमी अशी की आपल्या परसातलं ते झाड फुललं! एक न्हाई, सगळी फुलली. तुला आधी सांगावं म्हणून संक्रांतीचे तीळ तसेच निवडायचे ठेवून बसले.

तुला आठवत असंल, आपल्या पुढच्या दोन खोल्यांत नव्या कचेरीतल्या सायबाची बायको राहत होती. लातूरचा जिल्हा झाला आणि एवढे साहेब आले की त्यांना राहायला जागा पुरेना, तेव्हा आपल्याला भाडेकरू मिळाले. बाई नाशिककडची, चांगली होती, पण डाळीत गूळ घालायची. क्वार्टर मिळालं तशी गेली, आणि जाताना पुडीभर बी माझ्या हातावर ठेवलं. नाव सांगितलं होतं इंग्रजी, ते माझ्या तोंडात बसलं न्हाई. दसऱ्याच्या सुमारास मी फुटक्या घमेल्यात माती, शेणखत आणि राख कालवून ते पेरलं. तू शेजारी उभी होतीस. म्हणलीस, आत्याबाई, हे बी कसं चपटं हाय, कडेला पापुद्रा हाय. रोपं बोटभर झाल्यावर न्हाणीच्या भिंतीकडेला हलवली, तेव्हा पण होतीस.

आता बघायला न्हाईस. पानं करड्या रंगाची, मांजराच्या कानासारखी मऊ. मध्ये मावा पडला, मोहरीवर पडते तीच बारकी कीड. मला तिथंच शंका आली. मग एक पान चावून बघितलं. आधी काही न्हाई, नंतर नाकात चढलं. मोहरीचंच की! पण मोहरीला पिवळं फूल येतं, ह्याला जांभळं, गुलाबी, एकाला तर दुधासारखं पांढरं. निम्म्या झाडांची फुलं साधी, चार दिशांना चार पाकळ्या, अगदी मोहरीगत. निम्म्या झाडांची मात्र गच्च भरलेली, लहान गुलाबासारखी, एका दांडीवर खालपासून वरपर्यंत. आणि वास! दिवस कलला की लवंगेचा वास सुटतो. पानाच्या दुकानापुढं उभं राहिल्यागत वाटतं. मी आजवर जे लावलं ते एक तर फोडणीत गेलं न्हाईतर देवावर. नुसतं बघायला असं काही लावलं न्हाई. संध्याकाळी पाट घेऊन तिथं बसते. शेजारची शिवकांताबाई भिंतीवरून विचारते, म्हातारीला काय झालं, भिंतीशी बोलते का?

एक गच्च फूल आणि एक पान वाळवून ह्यात घातलंय. पंचाक्षरीला सांग, तुझा भाऊ म्हणून न्हाई, माझ्या भाच्यासारखा हायस म्हणून कर म्हणावं. विष्णुपुरीला त्याच्या कॉलेजात बाग हाय ना. तिथं कुणाला तरी विचारून नाव कळव म्हणावं.

तू म्हणशील, प्यायला पाणी न्हाई आणि म्हातारी फुलं लावते. तर तसं न्हाई. मी झाडाला पाणी घालत न्हाई. पूजा करते, तळहातावरच्या लिंगावर पाणी घालते, ते परातीत पडतं. पूजेचं पाणी पायाखाली येऊ देत न्हाईत, झाडाला घालतात, तुझ्या माहेरी पण तसंच असंल. ते पाणी झाडाला जातं. ह्यात कुणाचं काय गेलं?

आणि त्या दिवशीचं मनात धरू नको. भीमानं रांजणात तांब्या बुडवला तर तळाला लागला. तो म्हणला, पाणी जातं कुठं? मी एवढंच म्हणले की लांब केसांची बाई हाय, डोकं धुवायला लागणारच. शिवकांता दारात उभी होती हे मला काय माहीत? ती टँकरच्या रांगेत बोलली, त्याला मी काय करू? तुझे केस लांब हायत हे तर खोटं न्हाई.

महानंदेला तिळाची वडी पाठवली असती, पण येणारं कुणी न्हाई.

तुझी आत्याबाई,
शरणम्मा

लातूर, सोमवार, २४ जानेवारी १९८३

चि. सौ. शिवगंगा,

आशीर्वाद.

पंचाक्षरीचं कार्ड आलं. तुझं न्हाई आलं. असू दे, घरात काम असतं.

तो लिहितो, गच्च फुलावरून काही सांगता येत न्हाई, पाकळ्याच पाकळ्या हायत. साधं फूल पाठवा. आत किती तंतू हायत ते त्यांच्या बागेवरच्या सायबाला बघायचंय, म्हणजे घराणं कळंल. आता बघ माझं नशीब. साधी झाडं मी संक्रांतीलाच उपटली होती! एवढी झाडं जगवायची म्हणजे परात पुरत न्हाई. मग कुठली ठेवायची? मी म्हणले, चार पाकळ्यांची कशाला, ती तर मोहरीला पण येतात. गच्च फुलांची ठेवली, साधी उपटून शिवकांताच्या शेळीला घातली. शेळीनं काड्यासुद्धा ठेवल्या न्हाईत. कार्ड आलं तशी मी शेळीच्या पाटीत हात घालून बसले. शिवकांता म्हणली, आत्या, तुमचं काय हरवलंय? म्हणले, फूल. तिला वाटलं कानातलं. तिनं पण बिचारीनं गोठा झाडून शोधलं!

एक तुरा सापडला, पाटीच्या कामटीत अडकलेला. उन्हात धरून बघितला. चार पाकळ्या, आत सहा तंतू. चार उंच, दोन बुटके. मग डब्यातल्या मोहरीचं फूल आठवायला लागले, पण फूल काही डब्यात येत न्हाई. तुरा पाठवतेय. पाकळ्या गळाल्या तर त्याला सांग, मी मोजल्या होत्या.

आता दुसरी गोष्ट. शिवकांतानं एक दिवस भिंतीवरून माझी पूजा बघितली. मी घागर शेजारी घेऊन बसले होते. एरवी तांब्याभर पाण्यात होते पूजा, ते तिला ठाऊक. ती म्हणली, आत्या, एवढा अभिषेक? पावसासाठी धरलाय का?

मी हो म्हणले का न्हाई, मला आठवत न्हाई. मान हलली असंल.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या घरचा तांब्या घेऊन आली. तिसऱ्या दिवशी शांतम्मा आली, तिला तर धड चालता पण येत न्हाई. आता गल्लीतल्या बायका रोज येतात. टँकरवर तासभर उभं राहून भरलेलं, त्यातलं एक एक तांब्या माझ्या शंकराला देतात, पाया पडतात आणि जातात. टँकरवरचा साहेबराव सुद्धा हात जोडून म्हणला, आजी, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून चाललंय. मी परवा त्याच्याकडं बघू शकले न्हाई, पदर डोळ्यापर्यंत ओढला. त्याला वाटलं भक्ती.

घरातल्या रांजणाला आता मी हात लावत न्हाई. लागतच न्हाई. त्यामुळं रांजण भरलेला राहतो. काल रात्री जेवताना भीमा म्हणला, बघ आई, ती गेली तसा रांजण भरलेला हाय. आता तरी खात्री झाली का न्हाई?

 मी भाकरीचा एक घास घेतला, तो चावून चावून गोड झाला तरी गिळला न्हाई.

एक दिवस पाणी चुकलं तर दुपारी झाडं माना टाकतात. मला बघवत न्हाई. महानंदेचा खोकला गेला का? अडुळशाचा पाला उकळून दे, मध घाल. तिला सांग, आजी आठवण काढते. तुला काय सांगू ते सुचत न्हाई.

तुझी आत्याबाई,
शरणम्मा

लातूर, गुरुवार, ३ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. शिवगंगा,

पंचाक्षरीचं दुसरं कार्ड मिळालं. नाव कळलं, स्टॉक. सहा तंतू, चार उंच दोन बुटके, ह्यावरूनच त्या सायबानं ओळखलं. मोहरी, मुळा, कोबी, ह्यांच्या भावकीतलं. मी पान चावून ओळखलं ते खरं निघालं, एवढा आनंद झाला मला, की कार्ड घेऊन घरभर फिरले. सांगायला घरात कुणी नव्हतं.

मग खालचं वाचलं. गच्च फुलाला बी धरत न्हाई. बी फक्त साध्या फुलाच्या झाडाला येतं, आणि त्याच बियातून पुढं साधी पण होतात आणि गच्च पण. म्हणून साधी झाडं जपा.

साधी झाडं शेळीच्या पोटात. मी एकटीच हसले, आणि मग न्हाई हसले.

कार्डाच्या अगदी खाली तुझ्या हातची ओळ होती. "महानंदा बरी आहे." तेवढीच. माझ्या दोन पत्रांना तेवढंच उत्तर. मी ती ओळ लई वेळा वाचली. त्यात शिव्या शोधल्या, एक पण न्हाई. असत्या तर बरं झालं असतं.

शिवगंगे, मी आता लिहून टाकते, न्हाईतर पुन्हा माव्यावर आणि राखेवर घसरेन, मला माझं माहीत हाय.

रांजणातलं पाणी मी काढत होते. तू सकाळी रांगेत जायचीस, तू गेल्यावर मी घागर भरून पूजेला बसायचे. पूजेच्या नावानं घेतलं की कुणी विचारत न्हाई. भीमा देवाला भितो, तू मला भ्यायचीस. थोडं पाणी लिंगावर आणि बाकीचं तसंच परातीत. बाकीचं तर देवाला लागलं पण न्हाई. असं मी रोपं भिंतीकडेला लावल्यापासून करत होते. आणि भीमानं विचारलं तेव्हा तुझे केस पुढं केले. शिवकांता दारात होती, ते मला ठाऊक होतं. तिच्यासमोर बोललं की भीमा जास्त विचारणार न्हाई, गप बसंल, असं वाटलं. तो गप बसला न्हाई. तू ज्या आठवड्यात डोकं धुतलंस तो मला माहीत हाय, पोर तापात तुझ्या अंगावर ओकली होती. तेवढंच एकदा.

लिहून झालं. मला वाटलं होतं, लिहिलं की हलकं वाटंल. न्हाई वाटत. कारण हे तुला आधीच माहीत असणार. तुझं डोकं तू धुतलं का न्हाई हे तुला मी काय सांगायचं? ज्यांना माहीत न्हाई त्यांना अजून सांगितलेलं न्हाई.

आज सकाळची गोष्ट पण लिहिते, लपवून काय करू. शिवकांता तांब्या घेऊन आली. म्हणली, आत्या, आज डाळ शिजवली न्हाई, पाणी पुरेना, पोरांना भाकरी-तिखट दिलं. पण शंकराचं चुकवलं न्हाई बघा. मी तिच्या हातातून तांब्या घेतला. लिंगावर ओतला. ती गेली. परात उचलली आणि झाडाला घातली. तिच्या पोरांची डाळ मी फुलाला घातली. हे मी घालताना मला कळत होतं, आणि हात थांबला न्हाई. वर संध्याकाळी वास घ्यायला पाट घेऊन गेले.

भीमा तुला आणायला येणार न्हाई म्हणतो. पाऊस पडेपर्यंत तिकडंच राहू दे, तिला अक्कल येऊ दे, असं दुकानात चार माणसांपुढं म्हणला. अक्कल कुणाला यायला पाहिजे ते मी त्याला सांगायला उठले. तो म्हणला, काय आई? मी म्हणले, काही न्हाई, टोपी फाटलीय, दे, शिवून देते.

शरणम्मा

लातूर, शनिवार, १२ फेब्रुवारी १९८३

शिवगंगा,

काल शिवरात्र झाली. काय झालं ते तुला दुसरं कुणी सांगायच्या आधी मी सांगते. बसस्टँडवर पण कळलं असंल आतापर्यंत.

सकाळीच बायका आल्या. उपास सगळ्यांना. आडाला तर पाणी न्हाईच, टँकर आदल्या दिवशी अर्धाच आला होता. तरी तांबे भरून आल्या. शांतम्माला तिच्या नातीनं हाताला धरून आणलं. ओसरीवर तांब्यांची रांग लागली. शिवकांतानं मला विभूती पुढं केली आणि सगळ्यांना म्हणली, गप बसा गं, आत्या सुरू करतात. भीमा उपासाचा म्हणून घरीच होता, आतल्या दारात.

मी लिंग तळहातावर घेतलं. पहिला तांब्या उचलला, तो शांतम्माचा होता. आणि खाली ठेवला.

म्हणले, बायांनो, थांबा. हे पाणी पावसासाठी न्हाई.

शिवकांता म्हणली, मग कशासाठी?

झाडासाठी.

बेलाच्या का?

न्हाई. फुलझाडाच्या. परसात हाय. नुसतं बघायला लावलंय.

दोघी-तिघी हसल्या. त्यांना वाटलं, उपासानं म्हातारीला भ्रम झाला. मग मी सगळं सांगितलं, घागरीचं, परातीचं.  शांतम्माला ऐकायला कमी येतं, ती सारखी विचारायची, काय म्हणली? काय म्हणली? आणि तिची नात तिच्या कानात ओरडून सांगायची. त्यामुळं माझी प्रत्येक गोष्ट गल्लीला दोनदा ऐकू गेली.

मग म्हणले, आणि माझ्या सुनेनं दुष्काळात डोकं धुवून पाणी संपवलं न्हाई. रांजण मी रिकामा केला. तिचं नाव मी घेतलं.

ती नात हे ओरडली न्हाई. पोरगी बावरून माझ्याकडं बघत राहिली. शांतम्मानं पण विचारलं न्हाई, तिला तेवढं बरोबर ऐकू आलं.

शिवकांता उठली. म्हणली, आत्या, मी टँकरपाशी सगळ्यांना सांगितलं. तिच्या तोंडावर सांगितलं! ती घागर खाली ठेवून रडत होती तर मी म्हणले, रडून पण पाणीच वाया घालवते.

मी म्हणले, माझ्याकडूनच ऐकून सांगितलंस.

ती म्हणली, म्हणजे तुम्ही माझ्या तोंडून तिला मारलं. पाणी गेलं ते जाऊ द्या. माझं तोंड वापरलं तुम्ही.

 

एकीला राहवलं न्हाई, म्हणली, बघू तरी काय फूल हाय. सगळ्या परसात गेल्या. फुलं अजून होती. एकजण वाकली आणि म्हणली, वास लई चांगला हाय गं, लवंगेचा. शिवकांता म्हणली, घे, वास घे आणि तहान भागव. मग कुणी वाकलं न्हाई. आपापला तांब्या उचलला आणि गेल्या. शांतम्मानं पण तिचा नेला, अर्धा अंगणात सांडला. जाताना शिवकांता वळली आणि म्हणली, आणि माझ्या शेळीचं दूध आठवडाभर तिखट लागत होतं, तरी म्हणले असं कसं!

एरवी मी हसले असते. तू पण हसली असतीस.

भीमा दारातून हलला नव्हता. सगळ्या गेल्यावर म्हणला, आई, मी तिला जा म्हणलो. पोर कडेवर होती तिच्या. तू स्वयंपाकघरात होतीस.

हाव.

तू ऐकत होतीस.

हाव.

एवढंच बोलला. शिव्या दिल्या न्हाईत, ओरडला न्हाई. दिवसभर टोपी हातात धरून बसला, पण घातली न्हाई. संध्याकाळी म्हणला, मी कोणत्या तोंडानं जाऊ? मी म्हणले, तू थांब. आधी मी जाते. तुझं तोंड मीच खराब केलंय.

झाडांचं विचारशील म्हणून सांगते. कालपासून पाणी घातलं न्हाई. उपटली पण न्हाईत. शहाणी बाई असती तर उपटून फेकली असती, आणि मग गल्लीत सांगितलं असतं की उपटली. मला जमलं न्हाई. माना टाकून उभी हायत. मी मागचं दार लावून घेतलं, पण वास दाराखालून येतो, आणि अजून चांगला वाटतो मला. ह्याची जास्त लाज वाटते.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी नांदेडला येतेय. तुला न्यायला येत न्हाई. यायचं का न्हाई ते तू आणि भीमा बघा, मला त्यात बोलायचा हक्क राहिला न्हाई. मी फक्त सांगायला येतेय. तुझी आई तुला विचारत असंल, पोरी, तू असं केलंस का? बापानं विचारलं नसंल, पण मनात आणलं असंल. पंचाक्षरी माझ्या फुलासाठी बागेत फिरत होता आणि त्याला काही माहीत नव्हतं. त्या सगळ्यांपुढं मी बोलणार, जसं इथं बोलले तसं. महानंदेला पण समोर बसव. तिला कळणार न्हाई, पण बसव.

तुझी आई भली बाई हाय, मी दारात दिसले की तांब्या-भांडं घेऊन धावंल. तिला थांबव. प्रवासातून आलेलं माणूस हाय, पाणी आधी देतात, असं म्हणू नको. आधी मला उभ्यानं बोलू दे. बोलून झाल्यावर तुम्हा सगळ्यांना वाटलं तर द्या.

शरणम्मा